दुसऱ्या फळीचं काय? (बॅडमिंटन : देशोदेशीचे संघ, दुहेरीच्या जोड्या आणि रँकिंग)

बॅककोर्ट | २२ सप्टेंबर २०२५

काल शेनझेनला चायना मास्टर्सच्या अंतिम फेरीत आपली पुरुष दुहेरीतली पहिली जोडी सात्त्विक-चिराग कोरियाच्या किम वॉन हो आणि सेओ सुंग जे यांच्याकडून हरले. २१-१९, २१-१५. त्याच्या आधीच्या रविवारी हाँगकाँगलाही अंतिम फेरीतच हरले होते, लिआंग वेईकेंग आणि वांग चांगकडून. दोन आठवड्यांत दोन उपविजेतेपदं, त्याआधी ऑगस्टमध्ये पॅरिसला जागतिक स्पर्धेचं कांस्य. वर्षाच्या पूर्वार्धात दुखणी-आजारपणात रँकिंग विसाच्या बाहेर घसरलेल्या जोडीसाठी हे फारच छान आहे, त्यात वाद नाही.

वाद पुढे आहे. आमच्या सकाळच्या खेळाच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "आता दुहेरीत आपण महासत्ता." चहाचा घोट घशात अडकला.

एक जोडी म्हणजे देश नव्हे. हांगझोच्या आशियाई स्पर्धेतली पुरुष सांघिक अंतिम लढत आठवा, १ ऑक्टोबर २०२३. समोर चीन, तेही त्यांच्या घरात. एकेरीत लक्ष्य सेनने शी युचीला हरवलं, सात्त्विक-चिरागने लिआंग-वांगला हरवलं. आपण २-० पुढे! मी टीव्हीसमोर मांडी घालून बसलो होतो, उठायचं नाही म्हणून पाणीही प्यायलो नाही. मग एकेरीत श्रीकांत ली शीफेंगशी हरला, ध्रुव कपिला-साई प्रतीक ही आपली दुसरी जोडी लिऊ युचेन-ओ शुआनयीशी हरली आणि पाचव्या लढतीत मिथुन मंजुनाथला वेंग होंगयांगने १२-२१, ४-२१ असं गुंडाळलं. २-३. एकेरीतला प्रणॉय पाठीच्या दुखण्याने बाहेर होता. वरचा एक माणूस गेला की खालचा प्रत्येक जण एकेक पायरी वर चढतो, आणि प्रत्येक पायरीवर त्याला झेपेल त्याहून जड प्रतिस्पर्धी मिळतो. पत्त्यांच्या बंगल्यातला खालचा नाही, वरचा पत्ता काढला तरी आपला बंगला पडतो, असला उफराटा प्रकार.

गंमत म्हणजे त्यानंतर सहाच दिवसांनी त्याच सभागृहात सात्त्विक-चिरागने सुवर्ण जिंकलं आणि १० ऑक्टोबरला ते जगात पहिल्या क्रमांकावर गेले. म्हणजे जगातली पहिली जोडी आपल्याकडे, दोन सामन्यांची आघाडी आपल्याकडे आणि तरीही सुवर्ण चीनकडे.

आता २०२२चा थॉमस कप, म्हणजे पुरुषांची जागतिक सांघिक स्पर्धा. सगळ्यांना बँकॉकची अंतिम लढत आठवते, इंडोनेशियाला ३-०. पण त्याआधीचे दोन दिवस बघा. उपांत्यपूर्व फेरीत मलेशियाविरुद्ध ३-२, उपांत्य फेरीत डेन्मार्कविरुद्ध ३-२. दोन्हीकडे आपली दुसरी जोडी (कृष्णप्रसाद-विष्णुवर्धन) हरली आणि दोन्हीकडे पाचव्या लढतीत प्रणॉयने वाचवलं. डेन्मार्कविरुद्ध तर घोटा दुखावलेला असताना. अंतिम लढतीत दुसऱ्या दुहेरीची वेळच आली नाही. २०२४ला चेंगडूत उपांत्यपूर्व फेरीत चीनशी १-३ : ध्रुव-साई पुन्हा कोर्टावर, समोर हे जिटिंग-रेन शियांगयू, आणि तिथेच लढत संपली.

तर माझं म्हणणं एवढंच : देशाची ताकद मोजायची तर पहिल्या जोडीचं रँकिंग बघू नका, दुसरीचं बघा. चीन, इंडोनेशिया, मलेशिया, डेन्मार्क, तैवान, जपान, कोरिया यांच्या दुसऱ्या जोड्या काढा आणि आपली त्यांच्या शेजारी ठेवा. मग बोलू.

(कृष्णप्रसाद, विष्णुवर्धन, ध्रुव, साई यांच्यावर टीका नाही. त्यांना कुठल्या विहिरीत ढकललं जातं ते बघा, एवढंच.)

---

तिसरा_गेम | २२ सप्टेंबर

पहिला नंबर!
लेख आवडला, पण निम्माच पटला. थॉमस कपात पाच लढती : एकेरी, दुहेरी, एकेरी, दुहेरी, एकेरी. तीन जिंकल्या की झालं. तीन एकेरीवाले तगडे असतील आणि एक जोडी खात्रीची असेल तर दुसरी जोडी हरली तरी चालतं की. तुम्हीच दिलेलं २०२२चं उदाहरण तेच सांगतंय! आपण कप जिंकलो तो दुसऱ्या जोडीशिवाय. त्यामुळे 'दुसरी जोडी' हा निकष नाही, 'तिसरा एकेरीवाला' हा निकष आहे.

---

बॅककोर्ट | २२ सप्टेंबर

@तिसरा_गेम, एकदा जिंकलो. ७३ वर्षांत एकदा. पाचपैकी एक लढत आधीच सोडून उतरायचं म्हणजे उरलेल्या चारात एकच चूक परवडते. त्या आठवड्यात प्रणॉय देवासारखा खेळला म्हणून निभावलं. दर वेळी देव येत नाही.

---

फुलवाला | २२ सप्टेंबर

+१ बॅककोर्ट.
अवांतर : आमच्या लहानपणी शटलला फूलच म्हणायचे. "फूल आण रे" म्हटलं की नवा मुलगा बागेकडे बघायचा.

---

गुणाकार | २२ सप्टेंबर

रँकिंगबद्दल लोकांचे बरेच गैरसमज दिसतात, म्हणून थोडं सविस्तर टंकतो.

मागच्या ५२ आठवड्यांतल्या स्पर्धा घ्यायच्या, त्यातल्या सर्वोत्तम दहांचे गुण जोडायचे. बस, एवढंच. जागतिक स्पर्धा किंवा ऑलिंपिक जिंकलं तर १३,०००. मलेशिया, ऑल इंग्लंड, इंडोनेशिया, चायना ओपनसारखी सुपर १००० (वर्षभराच्या दौऱ्यातली सर्वात वरची पायरी) जिंकली तर १२,०००. आपली इंडिया ओपन सुपर ७५० आहे, तिथे ११,०००. सुपर ३०० ला ७,०००. म्हणजे जो वर्षभर धडधाकट राहून सगळीकडे उपांत्य फेरी गाठतो त्याचे गुण, दोनच स्पर्धा जिंकून बाकी वर्ष फिजिओकडे काढणाऱ्यापेक्षा जास्त होतात. रँकिंग म्हणजे हजेरीपुस्तक आणि प्रगतिपुस्तक एकत्र शिवलेलं.

इंडोनेशियाचे केविन संजया आणि मार्कस गिडियन घ्या. वर्षानुवर्षं पहिल्या क्रमांकावर. जागतिक स्पर्धेचं एकही पदक नाही. ऑलिंपिकचंही नाही. उलट त्यांच्याच देशातले अहसान-हेंद्रा, ज्यांना सगळे 'डॅडीज' म्हणायचे, ते २०१३, २०१५, २०१९ असे तीनदा विश्वविजेते. रँकिंग खोटं नाही, पण ते विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर देतं.

दुहेरीत आणखी एक मेख आहे. गुण जोडीचे असतात. जोडी मोडली, नवा जोडीदार घेतला, की नव्या जोडीचं खातं नव्याने उघडतं. त्यामुळे दुसऱ्या फळीत जोड्या सारख्या बदलणाऱ्या देशाचं रँकिंग खेळाडूंच्या वकुबापेक्षा कायम खाली दिसतं. आपलंच बघा : मनु अत्री-सुमित रेड्डी रिओ ऑलिंपिकला गेले होते. त्यानंतर अर्जुन-ध्रुव, कृष्णप्रसाद-विष्णुवर्धन, ध्रुव-साई, आता हरिहरन-अर्जुन आणि पृथ्वी-साई. एकाच पिशवीतल्या गोट्या हलवून हलवून पुन्हा मांडल्यासारखं. प्रत्येक वेळी गुणांचं खातं नव्याने.

आणि सांघिक स्पर्धेत एकेरीवाल्यांचा क्रम रँकिंगप्रमाणेच लावावा लागतो. कर्णधाराला वाटलं म्हणून कमकुवत माणूस बळी म्हणून पहिल्या जागी टाकता येत नाही. हे काही जणांना माहीत नसतं आणि मग "लक्ष्यला तिसरा का नाही खेळवला" म्हणून भांडतात.

---

सोलापुरी_स्मॅश | २३ सप्टेंबर

गुणाकार साहेब, वाखु (वाचनखूण) साठवली. हे आधी कुणी एवढं सोपं करून सांगितलं नव्हतं.

---

क्वालालंपूरकर | २३ सप्टेंबर

इकडे मलेशियात अकरा वर्षं आहे, म्हणून दोन शब्द. मॉलमध्ये, सरकारी वसाहतीत, मशिदीशेजारच्या सभागृहात, जिथे बघाल तिथे कोर्ट आहे, आणि सगळीकडे दुहेरी चालते. ऑफिस सुटलं की आठ जण एक कोर्ट घेतात, चौघे खेळतात, चौघे बसून खातात. एकेरी खेळणारा प्रौढ माणूस इथे मला क्वचित दिसला. मुलं बापाच्या पाठीमागे बसून दुहेरीच बघत मोठी होतात. सर्व्हिस झाल्यावर कुणी पुढे जायचं, कुणी मागे राहायचं, हे त्यांना शिकवावं लागत नाही.

आणि तरी! थॉमस कप शेवटचा १९९२ला. सुदिरमन कप (मिश्र सांघिक जागतिक स्पर्धा) एकदाही नाही. ऑलिंपिक सुवर्ण एकही नाही. आरोन चिया-सोह वूई यिक यांनी टोकियोत कांस्य घेतलं, पॅरिसलाही घेतलं (त्या वेळी उपांत्यपूर्व फेरीत आपल्या सात्त्विक-चिरागला पहिला गेम हरल्यावर उलटवलं, त्या रात्री मी टॅक्सीने घरी आलो तर चालक आनंदाने स्टिअरिंगवर ताल धरत होता आणि मी मागे सुतकात). यंदा चेन तांग जी-तो ई वेई मिश्र दुहेरीत विश्वविजेते झाले. जोड्यांचा तुटवडा नाही. अडतं ते एकेरीत : ली चोंग वेईनंतर ली झी जिया, आणि त्याच्यामागे बराच अंधार.

म्हणजे बॅककोर्ट यांचा निकष लावला तर मलेशिया पहिल्या तिनात येईल. कपाटात मात्र काही नाही.

एक नोंद : सात्त्विक आणि चिराग यांना एकत्र आणलं ते मलेशियाच्याच तान किम हर यांनी, ते भारताचे प्रशिक्षक असताना. पॅरिस ऑलिंपिकनंतर त्यांचे प्रशिक्षक मथियास बो गेले आणि आता तान पुन्हा भारतात आहेत. इकडचे लोक हे जरा हळहळत सांगतात.

---

नेटजवळची | २३ सप्टेंबर

बॅककोर्ट, शीर्षकात सुदिरमनचा उल्लेख नाही म्हणून बरं, कारण सुदिरमनला तुमचा निकष लागूच होत नाही. तिथे पाच लढती पाच वेगळ्या प्रकारांच्या : पुरुष एकेरी, महिला एकेरी, पुरुष दुहेरी, महिला दुहेरी, मिश्र. प्रत्येकी एकच. दुसऱ्या जोडीला कोर्टावर जागाच नाही. तिथे हवा असतो पसारा, म्हणजे पाचही दुकानं उघडी असली पाहिजेत.

आन से यंग बघा ना. महिला एकेरीत जगातली पहिली, पॅरिस ऑलिंपिकची सुवर्णविजेती. यंदाच्या सुदिरमन अंतिम लढतीत शियामेनला तिने आपली लढत जिंकलीच, तरी कोरिया १-३ हरला. ती एकच लढत जिंकू शकते. कोरियाकडे पुरुष एकेरीत दाखवायला मोठं नाव नाही, मग शी युची समोर आला की ती लढत कागदावरच गेली.

चीनने आजवर १९ पैकी १४ सुदिरमन जिंकलेत. उरलेले कोरियाचे चार, इंडोनेशियाचा एक, तोही १९८९चा, पहिलाच. बाकी कुणाच्या नावावर काहीच नाही. थॉमस कपाची यादी इतकी एकतर्फी नाही : इंडोनेशिया १४, चीन ११, मलेशिया ५, आणि जपान, डेन्मार्क, भारत एकेक. का? कारण एका प्रकारात दुसरी फळी उभी करणं एखाद्या देशाला जमून जातं, पाचही प्रकारांत पहिली फळी उभी करणं चीनलाच जमतं.

आणि आपण? २०२३ला सुझोत तैवानकडून १-४, मलेशियाकडून ०-५. यंदा डेन्मार्ककडून १-४, इंडोनेशियाकडून १-४. दोन्ही वर्षी गटातच गारद. यंदा सात्त्विक-चिराग नव्हते, महिला दुहेरीतल्या त्रिसा-गायत्रीही नव्हत्या. म्हणजे दुहेरीच्या दोन्ही दुकानांना कुलूप.

---

बॅककोर्ट | २३ सप्टेंबर

मान्य. सुदिरमनबद्दल चूक माझी, मी सगळं एका माळेत ओवलं. पण शेवटच्या ओळीत तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत की! सात्त्विक-चिराग आजारी पडले तर त्यांच्या जागी जे उतरतील ती दुसरी जोडीच ना? चीनला हा प्रश्न पडत नाही. त्यांच्याकडे लिआंग-वांग थकले तर हे-रेन आहेत, ते नसले तर चेन बोयांग-लिऊ यी आहेत, ज्यांनी पॅरिसला आपल्याला उपांत्य फेरीत हरवलं. 'तिसरी' जोडी जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत!

---

तिसरा_गेम | २३ सप्टेंबर

धागा बॅडमिंटनचा आहे की बॅककोर्टच्या हट्टाचा? :)

---

सिंगलसोडलेला | २४ सप्टेंबर

मी जिल्हा पातळीपर्यंत खेळलो, अठराव्या वर्षी एकेरी सोडून दुहेरीत गेलो, गुडघा आणि मार्क या दोन्ही कारणांनी. त्यामुळे जोडी जमणं म्हणजे काय यावर बोलायचा थोडा हक्क सांगतो.

बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, दोन चांगले खेळाडू घ्या, झाली जोडी. २०२२च्या थॉमस अंतिम लढतीत इंडोनेशियाने तेच केलं होतं. गिडियन जायबंदी, म्हणून केविनला अहसानबरोबर उतरवलं. एक जगातला नेटवरचा सर्वात चपळ माणूस, दुसरा तीन वेळचा विश्वविजेता. दोघं मिळून जेवढी पदकं तेवढी आपल्या अख्ख्या संघाकडे नव्हती. आणि सात्त्विक-चिरागने त्यांना १८-२१, २३-२१, २१-१९ असं काढलं. दुसऱ्या गेममध्ये मॅच पॉइंट वाचवून. ती लढत पुन्हा बघा, शेवटच्या दहा गुणांत दोन-तीनदा शटल दोघांच्या मधून जातं. मधली रेघ कुणाची, हे ठरायला वर्षं लागतात. बोलून ठरत नाही. तुमचा पार्टनर दमला की कुठला फटका टाळतो, रागावला की कुठला मारतो, हे तुमच्या पायांना कळावं लागतं, डोक्याला कळून उपयोग नसतो, तोवर फूल जमिनीवर.

पण मग कोरियाचं काय, असं कुणीतरी विचारणारच, म्हणून मीच विचारतो. सेओ सुंग जे २०२३ला कांग मिन ह्योकबरोबर पुरुष दुहेरीचा विश्वविजेता, आणि त्याच स्पर्धेत चे यू जंगबरोबर मिश्र दुहेरीचाही. एका दिवसात दोन विश्वविजेतेपदं. विश्वविजेती जोडी, कोण मोडेल? त्यांनी मोडली! यंदा जानेवारीत सेओला किम वॉन होबरोबर उतरवलं. जानेवारीत मलेशिया ओपन, मार्चमध्ये ऑल इंग्लंड, जुलैत पहिला क्रमांक, ऑगस्टमध्ये विश्वविजेते. गुणाकार म्हणाले तसं नवं खातं उघडून सात महिन्यांत शिखरावर.

हे त्यांना कसं जमतं? माझा अंदाज असा, की कोरियात सगळ्यांना दुहेरीचं एकच व्याकरण शिकवतात. ली योंग दे आठवतोय का? जंग जे सुंगबरोबर जगात पहिला, को सुंग ह्युनबरोबर पहिला, यू योन सोंगबरोबर पहिला. माणसं बदलली, वाक्यरचना तीच. सेओ डावखुरा आहे, किम वॉन हो उजवा. डाव्या-उजव्या जोडीत दोघांचे फोरहँड बाहेरच्या किंवा मधल्या बाजूला येतात, त्यामुळे फिरण्याचे कोन बदलतात. ते बदल त्यांनी शाळेपासून घोटलेले असतात. आपल्याकडे प्रत्येक जोडी आपापली बोली बोलते. सात्त्विक-चिरागची बोली अफाट आहे, पण ती त्या दोघांनाच येते.

अवांतर, पण राहवत नाही : किम वॉन होची आई गिल यंग आ. १९९६ला अटलांटात तिने किम डोंग मूनबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं, आणि अंतिम फेरीत हरवलं कुणाला? पार्क जू बोंग-रा क्युंग मिनला. तेच पार्क जू बोंग पुढे वीस वर्षं जपानचे प्रशिक्षक होते, आणि यंदापासून कोरियाचे. म्हणजे जिने त्यांना हरवलं तिच्या मुलाला आता तेच शिकवताहेत.

---

फुलवाला | २४ सप्टेंबर

सिंगलसोडलेला, या प्रतिसादाचा वेगळा धागा काढा हो.

---

गोंयकार_हांव | २४ सप्टेंबर

आमच्या तनिषाला विसरू नका! तनिषा क्रास्टो, दुबईत जन्मलेली पण गोव्याची. पॅरिसच्या जागतिक स्पर्धेत यंदा ध्रुव कपिलाबरोबर मिश्र दुहेरीत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेली. म्हणजे ज्या ध्रुवला वरच्या लेखात विहिरीत ढकललाय, तोच मिश्रमध्ये जगातल्या पहिल्या आठांत. पोरगा वाईट नाही, त्याला पुरुष दुहेरीत एक पार्टनर धड टिकू द्या.

आणि मिश्र काय, महिला दुहेरी काय, आपण कधी लक्षच दिलं नाही. ज्वाला गुट्टा वर्ध्याची, हे इथे किती जणांना ठाऊक आहे? जन्म तिथला. २०११ला अश्विनी पोनप्पाबरोबर जागतिक कांस्य. भारतातल्या पहिल्या बायका दुहेरीत तिथवर गेलेल्या. त्यानंतर महिला दुहेरीत त्रिसा-गायत्री येईपर्यंत किती वर्षं गेली मोजा.

---

सदाशिव_सर्व्हिस | २४ सप्टेंबर

वर्ध्याचं निघालंच आहे तर पुण्याचं सांगायलाच हवं. या खेळाचे नियम पहिल्यांदा लिहिले गेले ते पुण्यात, १८७३ला, इंग्रज अधिकाऱ्यांच्या वेळी, आणि खेळाचं नावच 'पूना' होतं. सांगलीचे नंदू नाटेकर १९५६ला क्वालालंपूरला जिंकले, परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय. १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत पुरुष दुहेरीत प्रदीप गंधे-लेरॉय डिसा यांचं कांस्य. चिराग शेट्टी मुंबईचा, गोरेगावात शिकलेला. आणि आपण इथे तान किम हर, तान किम हर.

---

क्वालालंपूरकर | २४ सप्टेंबर

सर्व्हिस काका, नियम पुण्यात लिहिले हे खरं. वाचले मात्र इतरांनी.

---

सदाशिव_सर्व्हिस | २४ सप्टेंबर

हा टोला चांगला होता. दुपारी १ ते ४ विचार करून उत्तर देतो.

---

ज्युनिअरची_आई | २५ सप्टेंबर

सगळे थॉमस-सुदिरमनवर बोलताहेत, मी जरा तळघरात नेते.

माझी मुलगी चौदा वर्षांची. चार वर्षं एका अकादमीत जाते, नाव घेत नाही. रोज दोन तास. त्यातली शेवटची वीस मिनिटं दुहेरी, तीही "चला, आता मजा करा" म्हणून. स्पर्धेच्या अर्जावर दुहेरीचा रकाना असतो, तिथे जोडीदार शोधायचा प्रकार म्हणजे लग्नाच्या हॉलमध्ये पोचल्यावर नवरी शोधण्यासारखा. सकाळी साडेआठला व्हॉट्सअॅपवर "कुणाच्या मुलीला पार्टनर हवीय का?" गेल्या वर्षी सहा स्पर्धांत पाच वेगवेगळ्या जोडीदार झाल्या. त्यातल्या दोघींची नावंही तिला आता आठवत नाहीत.

प्रशिक्षकांना विचारलं तर म्हणाले, "आधी एकेरीत बघू, नाही जमलं तर दुहेरी आहेच." म्हणजे दुहेरी ही नापासांची तुकडी! सिंगलसोडलेला यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय, तेही असेच आले. आणि पालक म्हणून आम्हीही काही साधुसंत नाही. फोटो एकटीचा हवा असतो. शिष्यवृत्ती, नोकरी, प्रायोजक, सगळ्या ठिकाणी एकेरीचं प्रमाणपत्र आधी बघतात असा समज आहे, आणि तो खोटा असल्याचं मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

हिशेब मात्र उलटा आहे. चार कोर्ट, चोवीस मुलं. एकेरी शिकवली तर आठ खेळतात, सोळा भिंतीला टेकून. दुहेरी शिकवली तर सोळा खेळतात. जागा नाही, शटल महाग, मुलं जास्त, या सगळ्यावर दुहेरीच परवडते. तरी आपण एकेरीच धरून बसलोय.

---

नेटजवळची | २५ सप्टेंबर

टाळ्या. बॅककोर्टने दोन दिवस शोधलेली दुसरी जोडी इथे भिंतीला टेकून उभी आहे.

---

डॅनिश_पेस्ट्री | २५ सप्टेंबर

कोपनहेगनहून. ज्युनिअरची_आई, इथला अनुभव सांगते. साठ लाखांच्या आसपास लोकसंख्येचा देश. आशियाबाहेर थॉमस कप गेला तो फक्त इथे, २०१६ला, इंडोनेशियाला ३-२ हरवून. इथे खेळ क्लबात चालतो. माझ्या मुलाच्या क्लबात मंगळवारी मुलं, मुली, चाळिशीतले बाबा सगळे एकाच सभागृहात, आणि क्लबांच्या लीगमध्ये सांघिक लढतीच असतात, त्यात दुहेरी आणि मिश्र भरपूर. म्हणजे नऊ-दहा वर्षांपासून मूल 'संघासाठी मिश्र दुहेरी खेळायचीय' असं ऐकत वाढतं. इथली पुरुष जोडी आस्ट्रुप-स्कारुप वर्षानुवर्षं एकत्र आहे. बो-मोगेन्सन त्याआधी तसेच होते, २०१२चं ऑलिंपिक रौप्य.

पण डेन्मार्कची गंमत अशी की महिला एकेरी-दुहेरीत त्यांचं मलेशियाच्या एकेरीसारखं आहे. एवढ्याशा देशात पाचही दुकानं चालत नाहीत. पुरुष एकेरीतल्या अॅक्सलसनची पाठ दुखली की राष्ट्रीय बातमी होते.

---

तिसरा_गेम | २५ सप्टेंबर

मी अजून माझ्या मुद्द्यावर आहे. २०२६चा थॉमस कप हॉर्सेन्सला, डॅनिश_पेस्ट्रींच्या देशात. प्रणॉय ९२चा, श्रीकांत ९३चा. लक्ष्य आहे, तो हाँगकाँगला आताच अंतिम फेरीत होता. आयुष शेट्टी २००५चा, जूनमध्ये अमेरिकन ओपन जिंकला. तिसरा कोण? २०२२ला आपल्याकडे तीन एकेरीवाले एकाच वेळी फॉर्मात होते म्हणून दुसरी जोडी झाकली गेली, हे मी आता कबूल करतो (बॅककोर्ट, स्क्रीनशॉट घ्या). पण उपाय दुसरी जोडी बनवणं हा नाही, त्याला पाच वर्षं लागतील. उपाय आहे तिसरा एकेरीवाला, तो वर्षात तयार होतो.

---

गुणाकार | २५ सप्टेंबर

वर्षात तयार होतो? रोपवाटिकेतून आणायचा का?

---

सोलापुरी_स्मॅश | २६ सप्टेंबर

एक बाळबोध प्रश्न. आपल्याकडे एकच भारी जोडी आहे, तर सांघिक स्पर्धेत तीच मोडून दोन का करू नयेत? सात्त्विक एकाबरोबर, चिराग दुसऱ्याबरोबर. एक ए प्लस आणि एक सी ऐवजी दोन बी प्लस?

---

सिंगलसोडलेला | २६ सप्टेंबर

अहो, तेच तर वर लिहिलं ना अहसान-केविनचं!

---

सोलापुरी_स्मॅश | २६ सप्टेंबर

वाचलं. पण ते तरी तिसऱ्या गेममध्ये २१-१९ हरले, जगातल्या भारी जोडीविरुद्ध, मॅच पॉइंट घेऊन. आपली सध्याची दुसरी जोडी चीनविरुद्ध तेवढंही नेत नाही. मग प्रयोग वाईट कसा?

---

बॅककोर्ट | २६ सप्टेंबर

हम्म. धागा काढल्यापासून पहिल्यांदा असं वाटलं की याला उत्तर द्यायला कागद-पेन्सिल घ्यावी लागेल. गट साखळीत जर्मनी-कॅनडासारख्या संघासमोर करून बघता येईल. बाद फेरीत नाही. मुळीच नाही. सात्त्विकचा स्मॅश मागून येतो तेव्हा चिराग नेटवर कुठे असतो ते आठवा, तिथे दुसरा माणूस कल्पून बघा.

---

सोलापुरी_स्मॅश | २६ सप्टेंबर

बघितला कल्पून. ध्रुव उभा आहे. वाईट नाही दिसत.

---

सिंगलसोडलेला | २६ सप्टेंबर

आणि दुसऱ्या कोर्टवर चिरागच्या मागे कोण आहे?

---

सोलापुरी_स्मॅश | २६ सप्टेंबर

ते शोधतोय. ज्युनिअरची_आई, तुमच्या अकादमीत भिंतीला टेकून उभ्या असलेल्यांत कुणी उंच मुलगा आहे का?